दक्षिण शिकागोचे कलागृह

शिकागो नगरीच्या दक्षिण विभागात मिशिगन अॅव्हेन्यू ह्या रुंद राजमार्गावर ३८३१ क्रमांकाची एक जुनी हवेली उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात गुस्ताव्ह हॉलबर्ग नावाच्या स्थपतीने ती एका धान्यव्यापाऱ्याच्या कुटुंबासाठी बांधली, तेव्हा ती पेठ गोऱ्या धनिकांची होती. पुढे पन्नास वर्षांच्या आत ती कुटुंबे अन्यत्र निघून गेली, मोठमोठ्या घरांच्या खोल्याखोल्यांत भाडेकरू शिरले, आणि १९४० च्या डिसेंबरात ह्याच हवेलीत आसपासच्या वस्तीतील कृष्णवर्णीय चित्रकारांच्या व शिल्पकारांच्या कृतींचे प्रदर्शन भरले. साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर ह्या संस्थेचा तो आरंभ होय. आठ दशके उलटून गेली तरी ही संस्था त्याच वास्तूत नांदत आहे, आणि एखाद्या समाजाने आपल्या कलावंतांचा गौरव करावयाचा तर तो कोणत्या पायावर करावा, ह्या प्रश्नाचे मोलाचे उत्तर तिच्या इतिहासात सापडते अशी माझी श्रद्धा असल्यामुळे तो इतिहास येथे सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

शिकागोच्या भूमीवर स्थायिक झालेला पहिला बिगर-आदिवासी रहिवासी जाँ बाप्तिस्त प्वाँ द्यु साब्ल हा आफ्रिकी वंशाचा व्यापारी होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या मुखाशी त्याने घर बांधून व्यापार मांडला. परंतु पुढे वाढलेल्या महानगराने आपल्या ह्या आद्य रहिवाशाच्या स्मृतीची दखल दीर्घकाळ घेतली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीयांचे जे प्रचंड स्थलांतर सुरू झाले, त्याने ह्या नगरीचे रूप पालटून टाकले. कापसाच्या मळ्यांतील अर्धेलीची शेती, सावकाराच्या वह्यांत कधीच न फिटणारे कर्ज, मतदानाच्या हक्काची सर्रास पायमल्ली आणि जमावाच्या हातून होणाऱ्या हत्यांची नित्याची दहशत, ह्या साऱ्यांना कंटाळलेली माणसे आगगाडीने उत्तरेस येऊ लागली. रॉबर्ट अॅबट ह्यांनी १९०५ साली स्थापिलेले ‘शिकागो डिफेंडर’ हे वृत्तपत्र रेल्वेतील कृष्णवर्णीय नोकरांच्या हस्ते दक्षिणेतील खेड्यापाड्यांत पोहोचत असे आणि कत्तलखान्यांतल्या व पोलादाच्या कारखान्यांतल्या रोजगाराच्या वार्ता तेथील घराघरांत नेत असे. १९१० च्या खानेसुमारीत शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या ४४,१०३ होती. १९२० साली ती १,०९,४५८ झाली, आणि १९४० साली २,७७,७३१ वर गेली.

माणसे वाढली, परंतु राहण्याची हद्द त्या मानाने वाढली नाही. १९१९ च्या जुलैत मिशिगन सरोवरात एका कृष्णवर्णीय मुलावर दगडफेक होऊन तो बुडाला आणि त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती. गोऱ्या वस्त्यांतील मालकांनी आपसांत करारनामे करून ते सरकारी दप्तरात नोंदवून ठेवले होते, आणि त्यांतील कलमांन्वये आपली मिळकत कृष्णवर्णीयाला विकणे वा भाड्याने देणे निषिद्ध ठरविले होते; अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा १९४८ साली यावयाचा होता. तोवर दक्षिण शिकागोचा एक अरुंद, लांबट पट्टा हेच त्या लक्षावधी लोकांचे नगर झाले. तेथे दाटी होती, घरभाडे अवाच्या सवा होते आणि रोगराई होती; परंतु तेथेच त्यांची स्वतःची वृत्तपत्रे, विमा कंपन्या, देवालये, महिला मंडळे व नृत्यगृहे उभी राहिली, आणि रहिवाशांनी आपल्या कांतीच्या रंगावरून त्या वस्तीला ‘ब्रॉन्झव्हिल’ असे अभिमानाचे नाव दिले. ज्या समाजाला ह्या पट्ट्याबाहेर जमिनीचा तुकडा विकत घेण्याची मनाई होती, त्या समाजाने पुढे कलेसाठी घर विकत घ्यावे, ह्या घटनेचे महत्त्व ही पार्श्वभूमी ध्यानी घेतल्यावाचून कळावयाचे नाही.

ह्या वस्तीत कलावंतांची वाण नव्हती. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या विद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळे. आर्चिबाल्ड मोटली १९१८ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडला, आणि शिल्पकार रिचमंड बार्थे हाही तेथलाच विद्यार्थी. परंतु विद्यालयात शिकणे ही एक गोष्ट, आणि शिकल्यानंतर आपली कृती भिंतीवर टांगण्यास जागा मिळणे ही अगदी निराळी गोष्ट. १९२७ च्या नोव्हेंबरात शिकागो विमेन्स क्लबच्या पुढाकाराने आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये कृष्णवर्णीयांच्या कलेचा एक सप्ताह साजरा झाला, वृत्तपत्रांनी त्याची वाखाणणी केली, आणि सप्ताह सरताच प्रदर्शन उठले. विद्यार्थ्यांच्या वाटेवरही काटे होतेच. चार्ल्स व्हाइट ह्या शिकागोत १९१८ साली जन्मलेल्या मुलाची आई लोकांच्या घरी धुण्याभांड्याची कामे करी आणि कामावर जाताना त्याला सार्वजनिक ग्रंथालयात बसवून जाई. तेथे अॅलन लॉक ह्यांनी संपादिलेला ‘द न्यू निग्रो’ हा ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत आपली माणसे का नाहीत, हा प्रश्न त्याच्या मनात रुजला. पुढे त्याने चित्रकलेच्या शिष्यवृत्त्या पटकाविल्या, परंतु विजेता कृष्णवर्णीय आहे असे दिसून येताच दोन कलाशाळांनी त्या मागे घेतल्या.

अशा मुलांना गुरू लाभला तो जॉर्ज नील. व्यवसायाने चित्रकार असलेल्या ह्या तरुणाने १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत आर्ट्स क्राफ्ट्स गिल्ड नावाचे मंडळ चालविले. आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मिळालेली विद्या त्याने रविवारच्या वर्गांतून ह्या मुलांना दिली. रेखाटनाच्या वह्या घेऊन तो त्यांना गल्लीबोळांत नेई आणि समोर दिसणारी माणसे, जिने व दुकाने काढावयास सांगे. मंडळाचे सभासद घरगुती समारंभ करून पैसे जमवीत, त्यातून कोणा एकाची फी भरीत, आणि तो जे शिकून येई ते इतरांस शिकवी. चार्ल्स व्हाइट, एल्डझिअर कॉर्टर, चार्ल्स डेव्हिस, विल्यम कार्टर, बर्नार्ड गॉस, आणि पुढे मार्गारेट बरोज ह्या नावाने विख्यात झालेली मार्गारेट टेलर ही सारी ह्याच मंडळातील होत. नील १९३८ साली अकाली वारला. त्याची कीर्ती चित्रांपेक्षा शिष्यांच्या रूपानेच मागे राहिली. परंतु एकाने शिकावे ते दहांनी वाटून घ्यावे, हा जो धडा त्याने घालून दिला, तोच पुढे ह्या कलागृहाचा अलिखित कायदा ठरला.

मंदीने अमेरिकेतील सर्वच कलावंतांना रस्त्यावर आणले होते. अध्यक्ष रूझव्हेल्ट ह्यांच्या सरकारने बेकारांना रोजगार देण्यासाठी जी खाती काढली, त्यांतच १९३५ साली फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही योजना निघाली, आणि तिच्या विद्यमाने देशभर शंभराहून अधिक लोककला-केंद्रे स्थापन झाली. योजनेची अट सुबोध होती: शिक्षकांचे व कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी तिजोरीतून मिळतील, जागेची डागडुजीही सरकार करील, परंतु जागा, तिचे भाडे किंवा किंमत, आणि दिवाबत्ती व साहित्याचा खर्च स्थानिक लोकांनी सोसावा. बहुतेक ठिकाणी लोकांनी एखादे रिकामे दुकान किंवा ग्रंथालयातील दालन भाड्याने घेऊन ही अट भागविली. दक्षिण शिकागोच्या मंडळींनी घरच विकत घेण्याचा निश्चय केला, आणि पुढील सर्व इतिहासाचे बीज त्या एका निश्चयात आहे.

१९३८ च्या शरद ऋतूत ह्या कार्याच्या सभा सुरू झाल्या. उत्तर मिशिगन अॅव्हेन्यूवर चित्रांचे दालन चालविणारा आणि कृष्णवर्णीयांची चित्रे आवर्जून मांडणारा पीटर पोलॅक हा योजनेच्या वतीने बोलणी करी. ‘डिफेंडर’चे संपादक मेट्झ लोचार्ड, समाजकार्यात अग्रेसर असलेल्या पॉलीन क्लाय रीड, विम्याच्या धंद्यातील गोल्डन डार्बी आणि नीलच्या मंडळातील तरुण चित्रकार असे निरनिराळ्या थरांतील लोक एका मेजाभोवती बसले. त्यांच्यात मतभेद नव्हते असे नाही. सुखवस्तू घरांतील महिलांना संस्थेची प्रतिष्ठा प्रिय होती, तर चित्रकारांना कामासाठी जागा, साहित्य आणि आपल्या गरिबीचे स्पष्ट चित्रण करण्याची मोकळीक हवी होती. तरीही दोन्ही पक्षांनी पैसा जमविण्याचे काम वाटून घेतले. १९३९ साली सॅव्हॉय नृत्यगृहात ‘आर्टिस्ट्स अँड मॉडेल्स बॉल’ हा मोठा नृत्यसमारंभ भरला, आणि पुढे तो दरवर्षीचा उत्सव होऊन बसला. चित्रकारांनी वेष व देखावे तयार केले, आणि गावातील प्रतिष्ठितांनी तिकिटे विकत घेतली. चार्ल्स व्हाइटने ह्याच प्रसंगासाठी पाच थोर कृष्णवर्णीयांचे एक भव्य चित्र रंगविले. सोजर्नर ट्रुथ, फ्रेडरिक डग्लस, बुकर टी. वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि गायिका मेरियन अँडरसन ही ती पाच माणसे. ‘डिफेंडर’च्या वाचकांनी दिलेल्या कौलाच्या आधाराने ती निवडली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या वारशात कोणाची गणना करावयाची, हे येथे लोकांनीच ठरविले.

ज्यांना नृत्यसमारंभाचे तिकीट परवडत नव्हते, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता. डाईम हे दहा सेंटांचे नाणे. अशी नाणी एकापुढे एक मांडून मैलभर लांबीची रांग भरावी, असा संकल्प सोडून मार्गारेट हातात डबा घेऊन ३९ वा रस्ता व साउथ पार्कवे ह्यांच्या नाक्यावर उभी राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे नाणे मागे. हिशेब करून पाहिला तर मैलभर रांगेस सुमारे नव्वद हजार नाणी लागतात, म्हणजे जवळजवळ नऊ हजार डॉलर होतात. कत्तलखान्यातील मजुराने, मोलकरणीने किंवा आगगाडीतील हमालाने त्या डब्यात टाकलेले नाणे हा ह्या संस्थेच्या खरेदीखतातील खरा मोबदला होय. पुष्कळ संस्थांच्या दारावर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरलेली असतात. ह्या संस्थेचे फार मोठे देणगीदार निनावी राहिले, आणि त्यामुळेच ती कोणा एकाच्या मर्जीची बांधील झाली नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात शिकागोच्या कोलिझियममध्ये अमेरिकन निग्रो एक्स्पोझिशन भरले. गुलामगिरीच्या अंतास पंचाहत्तर वर्षे झाल्यानिमित्त जुलै ते सप्टेंबर चाललेल्या ह्या महोत्सवात अॅलन लॉक ह्यांच्या मार्गदर्शनाखाली कृष्णवर्णीयांच्या कलेचे विस्तृत दालन मांडले होते, आणि एलिझाबेथ कॅटलेट हिच्या माता व बालकाच्या शिल्पास तेथे प्रथम पारितोषिक मिळाले. परंतु सप्टेंबरात मंडप उठला, कृती आपापल्या मालकांकडे परत गेल्या, आणि १९२७ चा अनुभव मोठ्या प्रमाणावर पुन्हा आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हवेलीचे दार उघडले, ते मात्र पुन्हा मिटण्यासाठी नव्हे. हिन ब्रेडेनडीक व नेथन लर्नर ह्या नव्या बाउहाउस संप्रदायातील दोघा रचनाकारांनी तळमजल्याच्या दालनाचे रूप पालटले होते. गिलाव्याच्या नक्षीऐवजी उभ्या लाकडी फळ्यांच्या साध्या भिंती केल्या, म्हणजे वाटेल तेथे खिळा ठोकून चित्र टांगावे आणि प्रदर्शन संपल्यावर खिळा काढून घ्यावा. त्या फळ्या आजही तशाच आहेत, आणि त्यांवरील असंख्य भोकांत आठ दशकांच्या प्रदर्शनांची नोंद उरली आहे.

आरंभीच्या प्रदर्शनातील कलावंत कोणत्याही एका शैलीचे अनुयायी नव्हते. मोटलीच्या चित्रांत रात्रीच्या नृत्यगृहांचा जांभळा व तांबडा प्रकाश, टोप्या, हास्य व गर्दी ह्यांचा उत्सव दिसे. व्हाइटच्या कृतींत राबणाऱ्या माणसांचे भरदार हात व भव्य चेहरे एखाद्या शिल्पासारखे घडत. कॉर्टर पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावरील बेटांत जाऊन आला, आणि कृष्णवर्णीय स्त्रीच्या उंच, शांत आकृतीत त्याला आपल्या वंशाचे सौंदर्य गवसले. वंशाचा वारसा म्हणजे एकाच साच्याची चित्रे, अशी जी समजूत बाहेरच्या प्रेक्षकांत रूढ होती, ती ह्या वैविध्याने आपोआप खोटी पाडली. आणि पाहणारे कोण होते? वस्तीतील शाळांची मुले, देवालयातून परतणारी कुटुंबे, ज्यांना शहराच्या मध्यभागातील संग्रहालयाच्या पायऱ्या चढण्याचा संकोच वाटे अशी माणसे. चित्रातला जिना व चित्रातली गल्ली त्यांच्या रोजच्या वहिवाटीतील होती.

७ मे १९४१ रोजी अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझव्हेल्ट ह्यांच्या हस्ते संस्थेचे रीतसर लोकार्पण झाले आणि तो समारंभ नभोवाणीवरून देशभर ऐकविला गेला. परंतु संस्थेचे खरे वैभव त्या दिवसाच्या मिरवणुकीत नव्हते. ते आठवडाभर चालणाऱ्या वर्गांत होते. रेखाटन, जलरंग, शिलामुद्रण, शिवणकाम व मातीकाम शिकावयास मुले व प्रौढ येत. तळघरातील अंधारखोलीत गॉर्डन पार्क्स हा तरुण छायाचित्रकार दक्षिण शिकागोच्या वस्तीची छायाचित्रे धुवी. त्या कामाच्या बळावर १९४२ साली त्याला रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच्या थोर कारकिर्दीचा आरंभ झाला. एलिझाबेथ कॅटलेट १९४१ च्या उन्हाळ्यात येथे शिलामुद्रण शिकावयास आली, आणि त्याच वर्षी चार्ल्स व्हाइटशी तिचा विवाह झाला. इनेझ कनिंगहॅम स्टार्क ह्या गोऱ्या, धनिक विदुषीने येथे काव्याचा वर्ग काढला. त्यातील एक विद्यार्थिनी ग्वेंडोलिन ब्रूक्स ही १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय लेखक ठरली.

१९४३ साली युद्धाच्या धामधुमीत सरकारने योजना गुंडाळली. पगार थांबले, शिक्षक पांगले, आणि देशभरातील भाड्याच्या जागांत चालणारी बहुतेक केंद्रे एकामागून एक बंद पडली. दक्षिण शिकागोचे केंद्र टिकले, कारण घर लोकांच्या मालकीचे होते. सरकार पगार थांबवू शकत होते, परंतु ताबा काढून घेऊ शकत नव्हते. पुढील वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. शिक्षिका, गृहिणी व महिला मंडळांच्या कार्यकर्त्या ह्यांनी वर्गणी जमवून, समारंभ भरवून आणि विनावेतन वर्ग चालवून दार उघडे ठेविले. साम्यवादाच्या भयाने देश ग्रासलेला असताना, १९५० नंतरच्या दशकात, डाव्या विचारांच्या कलावंतांविषयी चालकांच्या मनात धास्ती उत्पन्न झाली आणि जिने नाक्यावर उभे राहून नाणी गोळा केली त्या मार्गारेटलाही संस्थेपासून दूर व्हावे लागले. ही घटना क्लेशदायक आहे, आणि संस्थेच्या गौरवगाथेत ती झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. लोकांच्या मालकीची संस्थादेखील भयाला बळी पडू शकते, हे सत्य तिच्याच इतिहासाने शिकविले आहे. मार्गारेट बरोज ह्यांनी मात्र खचून न जाता १९६१ साली पती चार्ल्स ह्यांच्या साहाय्याने त्याच रस्त्यावरील आपल्या राहत्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. पुढे त्याला नगरीच्या आद्य रहिवाशाचे, द्यु साब्लचे, नाव देण्यात आले आणि १९७३ साली ते वॉशिंग्टन पार्कमधील प्रशस्त वास्तूत गेले.

जागेची मालकी नसल्यास काय घडते, ह्याचे ह्याच वस्तीतील एक उदाहरण येथे नमूद केले पाहिजे. १९६७ साली ४३ वा रस्ता व लँगली अॅव्हेन्यू ह्यांच्या कोपऱ्यावर विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन प्रभृती कलावंतांनी एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर आपल्या वंशातील नेते, गायक, लेखक व खेळाडू ह्यांची चित्रे रंगवून ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ निर्माण केली. ती पाहण्यास लोकांचे थवे लोटले, तिच्यासमोर कविता वाचल्या गेल्या, वाद्ये वाजली, आणि अमेरिकेतील अनेक शहरांत भित्तिचित्रांची चळवळ तिच्यापासून सुरू झाली. परंतु ती इमारत चित्रकारांची नव्हती. १९७१ साली तिला आग लागली आणि लवकरच ती पाडण्यात आली. चित्रांची थोरवी किंचितही उणी नव्हती, लोकांचे प्रेम अपार होते, आणि तरीही चार वर्षांत सारे नाहीसे झाले. जवळच्याच हवेलीतील खिळ्यांच्या भोकांनी भरलेली लाकडी भिंत टिकली. ह्या दोन भिंतींच्या भाग्यातील अंतराचे मूळ मालकीत आहे.

महाराष्ट्राला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस ह्यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथर ह्या संघटनेने आपले नावही तेथील चळवळीवरून घेतले. विचारांची ही देवघेव शतकाहून जुनी आहे. त्या समाजाने आपली चित्रे, आपली छायाचित्रे आणि आपल्या कविता कोणत्या छपराखाली सांभाळल्या, हेही आपण तितक्याच आस्थेने अभ्यासावयास हवे.

शिकागो महापालिकेने १९९४ साली ह्या वास्तूला संरक्षित वारशाचा दर्जा दिला, आणि २०१८ साली तिचे नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत दाखल झाले. ही राजमान्यता उचितच आहे. परंतु सरकारी दप्तराने तिचा गौरव करण्याच्या पन्नास वर्षे आधी मजुरांनी व मोलकरणींनी तो केला होता. स्थानिक कलावंतांचे प्रदर्शन भरविणे हे सत्कार्य आहे, आणि ते जागोजागी घडावे. मात्र ज्यांना ते टिकावे असे वाटते, त्यांनी उद्घाटनाला कोणास बोलवावे हा विचार पुढे ढकलून, जागेचे खरेदीखत कोणाच्या नावे होणार आणि प्रदर्शन उतरल्यावर दुसऱ्या दिवशी त्या दालनात मुलांना कोण शिकविणार, ह्या दोन गोष्टी आधी निश्चित कराव्यात. दक्षिण शिकागोच्या लोकांनी त्या आधी निश्चित केल्या. म्हणूनच ज्या वस्तीला शहराने घर नाकारले, त्या वस्तीतील चित्रकारांना आजही आपल्या हक्काच्या भिंतीवर नवे चित्र लावता येते.